आर्नल्ड गेसेल : बाल्याचा दिनक्रम मांडणारा संशोधक

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता टांगलेला असतो. मूल कोणत्या महिन्यात मान धरते, कधी बसते, कधी उभे राहते, एकावर एक किती ठोकळे रचते, याच्या नोंदी त्यात ओळीने दिलेल्या असतात. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई तो तक्ता नकळत वाचू लागते आणि मनातल्या मनात आपल्या मुलाशी ताडून पाहते. पुढे तेच मूल तीन-चार वर्षांचे झाले, बालवर्गाच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले, की त्याला रंग ओळखता येतात का, चौकोन काढता येतो का, ते आईचा पदर सोडून परक्या माणसाशी बोलते का, अशा प्रश्नांनी घर अस्वस्थ होते. या तक्त्यामागे आणि या प्रश्नांमागे बऱ्याच अंशी एका अमेरिकन संशोधकाची चार दशकांची मेहनत आहे. डॉ. आर्नल्ड ल्यूशियस गेसेल हे त्यांचे नाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या घराघरांत ते पोहोचले होते. आज पालकांना त्यांची मोजपट्टी ठाऊक असते, नाव मात्र ठाऊक नसते.

गेसेल यांचा जन्म २१ जून १८८० रोजी विस्कॉन्सिन राज्यातील आल्मा या गावी झाला. एका बाजूला मिसिसिपी नदी आणि दुसऱ्या बाजूला टेकड्यांची भिंत, अशा चिंचोळ्या पट्टीत वसलेले हे लहानसे गाव. वडील छायाचित्रकार होते, आई शिक्षिका. छायाचित्रण आणि अध्यापन हे दोन्ही व्यवसाय मुलाच्या आयुष्यात पुढे कसे एकत्र आले, हे त्यांच्या चरित्रात वारंवार दिसते. पाच भावंडांत आर्नल्ड थोरले. पाठच्या भावंडांना रांगताना, अडखळताना, बोबडे बोलताना त्यांनी जवळून पाहिले. मोठ्या कुटुंबातल्या थोरल्या मुलाला हे सारे आपोआपच पाहावे लागते. गेसेल यांनी ते लक्षपूर्वक पाहिले असावे.

स्टीव्हन्स पॉइंट येथील अध्यापक विद्यालयातून ते १८९९ मध्ये बाहेर पडले. काही काळ शाळेत शिकवले, विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी मिळवली, एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापकपदही सांभाळले. त्यानंतर ते क्लार्क विद्यापीठात दाखल झाले. तेथे जी. स्टॅन्ली हॉल हे अमेरिकेतील बालअभ्यासाच्या चळवळीचे प्रणेते अध्यापन करीत होते. मुलांचा अभ्यास हा गंभीर शास्त्राचा विषय होऊ शकतो, ही दृष्टी गेसेल यांना त्यांच्याकडून मिळाली. १९०६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता मत्सर. पुढे लॉस एंजेलिसच्या अध्यापक विद्यालयात त्यांना जुने सहाध्यायी लुइस टर्मन भेटले. बुद्धिमापन कसोट्यांमुळे टर्मन नंतर जगप्रसिद्ध झाले. त्याच विद्यालयातील शिक्षिका बिॲट्रिस चँडलर यांच्याशी १९०९ मध्ये गेसेल यांचा विवाह झाला. प्राथमिक शिक्षणावरील एक ग्रंथ या दांपत्याने मिळून लिहिला.

१९११ मध्ये न्यू हेवन येथील येल विद्यापीठात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली आणि उर्वरित आयुष्य त्यांनी त्याच शहरात काढले. तेथील सार्वजनिक दवाखान्यात मुलांच्या तपासणीचे छोटेसे केंद्र त्यांनी सुरू केले. शाळेत मागे पडणारी मुले तेथे आणली जात. या मुलांच्या अडचणींचे मूळ शोधायचे तर शरीराचेही ज्ञान हवे, असे गेसेल यांना वाटले. तिशी उलटलेला हा विवाहित प्राध्यापक त्याच विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी झाला आणि १९१५ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला. त्याच वर्षी कनेक्टिकट राज्याच्या शिक्षण मंडळाने त्यांना शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले. हे पदनाम धारण करणारे अमेरिकेतील पहिले गृहस्थ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. या कामासाठी ते खेड्यापाड्यांतील शाळांमधून हिंडले.

याच सुमारास लिहिलेला त्यांचा एक लेख मात्र त्यांच्या चरित्रकाराला अडचणीत टाकणारा आहे. १९१३ मध्ये एका लोकप्रिय मासिकात त्यांनी हजार वस्तीच्या एका गावाचे वर्णन केले. कोणत्या घरात मंदबुद्धी माणूस आहे, कोणत्या घरात वेडाची बाधा आहे, याच्या खुणा केलेला गावाचा नकाशाही त्यांनी सोबत छापला आणि हे दोष रक्तातून उतरतात असे प्रतिपादन केले. ते गाव म्हणजे त्यांचे स्वतःचे आल्मा. सुप्रजननाच्या विचाराने तेव्हा भले भले विद्वान भारावले होते हे खरे. तरी ज्या गल्ल्यांतून माणूस लहानपणी खेळला, तेथील घरांवर असे शिक्के मारताना त्याचा हात अडखळला नाही, ही गोष्ट विसरता येत नाही. पुढील काळात त्यांची भाषा पुष्कळ सौम्य झाली. परंतु माणसाची वाढ प्रामुख्याने आतूनच ठरते, या विश्वासाचे बीज त्या लेखात दिसते आणि ते अखेरपर्यंत टिकले.

शाळांमधून फिरताना गेसेल यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अमेरिकेत त्या काळी इयत्ता पहिलीतच नापास होणाऱ्या मुलांची संख्या मोठी होती. सहा वर्षांच्या मुलाच्या माथी अपयशाचा शिक्का बसत असे आणि त्याची कारणे शोधू गेल्यास ती शाळेच्या उंबरठ्याअलीकडे सापडत. कुणाला नीट ऐकू येत नसे, कुणाची दृष्टी अधू असे, कुणी नुसतेच वयाने घोडे झालेले पण वागण्याने अजून चार वर्षांचे असे. जन्मापासून शाळेपर्यंतच्या पाच-सहा वर्षांकडे ना शिक्षण खात्याचे लक्ष होते, ना आरोग्य खात्याचे. शाळापूर्व बालकांवर त्यांनी १९२३ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा हाच होता. किंडरगार्टन म्हणजे आपल्या परिभाषेत बालवर्ग. तो केवळ गाणी-गोष्टींचा वर्ग न राहता मुलाची पाहणी होण्याचे आणि त्याला शाळेत हळूहळू रुळवण्याचे ठिकाण व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. प्रवेशाच्या वेळी मुलाकडे पाहावे ते त्याला परत पाठवण्यासाठी नव्हे. त्याला काय हवे आहे ते कळावे म्हणून. वाढदिवसाची तारीख ही सोयीची खूण आहे, परंतु एकाच दिवशी जन्मलेली दोन मुले एकाच टप्प्यावर असतील असे नाही, हा विचार त्यांनी शाळांसमोर प्रथम ठामपणे मांडला.

परंतु मूल कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवायचे, तर आधी टप्पे माहीत हवेत. सर्वसाधारण निरोगी मूल कोणत्या आठवड्यात काय करते, याची भरवशाची नोंद त्या काळी जगात फारशी कुठे नव्हती. ती करण्यासाठी गेसेल यांनी आपले सारे बळ वेचले आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वात समृद्ध पर्व सुरू झाले.

येलच्या त्या केंद्रात त्यांनी एक घुमट उभारला. आतून पांढरा, अर्धगोलाकार, आणि मधोमध बाळाचा पाळणा. घुमटाच्या कमानींवर सरकणारे चित्रपटाचे कॅमेरे बसवलेले होते. त्यामुळे बाळ कुशीवर वळले तरी त्याची हालचाल हव्या त्या कोनातून टिपता येई. घुमटाला बारीक जाळीचे आवरण होते. आत प्रकाश आणि बाहेर अंधार ठेवल्यामुळे बाहेर बसलेल्या निरीक्षकांना आतले सारे दिसे, बाळाला मात्र बाहेरचे कोणी दिसत नसे. परक्या चेहऱ्यांच्या घोळक्याने मूल बुजते, आणि बुजलेल्या मुलाची पाहणी ही त्या मुलाची पाहणी नव्हेच, हे गेसेल यांनी नेमके ओळखले होते. परीक्षेला बसवलेल्या चार वर्षांच्या मुलाने तोंडातून शब्द काढला नाही म्हणून खजील झालेल्या पालकांना या घुमटाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या घुमटात आणि शेजारच्या खोल्यांत वर्षानुवर्षे मुले येत राहिली. बाळाच्या पुढ्यात साखरेची एक बारीकशी गोळी ठेवली जाई. सात महिन्यांच्या आसपासचे बाळ ती पंजाने ओरबाडू पाहते. दहाव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट करून ती अलगद उचलते. एक इंच बाजूचे लाल ठोकळे तर या केंद्राचे बोधचिन्हच म्हणावे लागतील. दीड वर्षाचे मूल तीन-चार ठोकळ्यांचा मनोरा रचते, दोन वर्षांचे सहा-सात ठोकळ्यांचा. तिसऱ्या वर्षी ते तीन ठोकळ्यांचा पूल करू लागते. कागद-पेन्सिल दिली तर तीन वर्षांचे मूल पाहून वर्तुळ काढते, अधिकाच्या चिन्हासाठी चौथे वर्ष उजाडावे लागते, चौकोनाचे चार कोपरे साडेचार ते पाचच्या सुमारास जुळतात, त्रिकोणाची तिरपी रेघ त्यानंतर साधते आणि पतंगासारखा उभा चौकोन सहा-सात वर्षांशिवाय सहसा नीट उमटत नाही. मोठ्यांच्या दृष्टीने चौकोन आणि पतंग यांत काय अंतर! मुलाच्या हाताला आणि डोळ्याला मात्र ते कापायला दीड-दोन वर्षे लागतात.

चित्रफितीचे तुकडे एकेक चित्र थांबवून तपासले जात. छायाचित्रकाराच्या मुलाला हे माध्यम परके नव्हते. १९३४ मध्ये बाळांच्या हालचालींचा एक चित्रकोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ३२०० छायाचित्रे होती. मुलाच्या वागण्याची पाहणी गेसेल चार अंगांनी करीत : शरीराच्या हालचाली, वस्तूंशी जुळवून घेण्याची समज, भाषा आणि माणसांतले वागणे. चालण्यात पुढे असलेले मूल बोलण्यात मागे असू शकते. म्हणूनच सारे मूल एकाच आकड्यात बांधण्यास ते नाखूश असत. टर्मन यांच्यासारखा मित्र बुद्ध्यंकाचा डंका पिटत असताना ही सावधगिरी बाळगणे सोपे नव्हते.

गेसेल यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग दोन जुळ्या बहिणींवरचा. हेलन थॉम्प्सन यांच्यासह त्यांनी तो १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. एकसारख्या दिसणाऱ्या या बहिणींना त्यांनी केवळ टी आणि सी या अक्षरांनी ओळख दिली. टीला वयाच्या ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे रोज जिना चढण्याचा सराव दिला. सीला तो अजिबात दिला नाही. ५३ व्या आठवड्यात सीला प्रथमच जिन्यापाशी सोडले, तर ती कुणाच्या मदतीशिवाय चढून गेली. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या सरावाने ती बहिणीच्या बरोबरीला आली. सहा आठवड्यांची शिकवणी आणि दोन आठवड्यांची शिकवणी यांचे फळ जवळजवळ एकच! शरीर तयार झाल्याखेरीज घाई करून फारसे हाती लागत नाही, असा निष्कर्ष गेसेल यांनी काढला आणि त्याला परिपक्वतेचे तत्त्व म्हटले. आपल्या मुलाने चौथ्या वर्षीच लिहावे म्हणून त्याची बोटे धरून गिरवून घेणाऱ्या प्रत्येक घरात ही जुळ्यांची कथा सांगण्याजोगी आहे. मात्र तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रयोग एकाच जोडीवर झाला होता. आणि जिना चढायला न मिळालेली सी त्या सहा आठवड्यांत काही हातपाय बांधून पडलेली नव्हती. ती रांगत होती, धरून उभी राहत होती, खेळत होती. जिन्याची शिकवणी नसली तरी अनुभव होताच. ज्या मुलांच्या वाट्याला हा मोकळा अनुभवही येत नाही, त्यांच्याविषयी हा प्रयोग काहीच सांगत नाही.

मोजपट्टीतला खरा दोषही येथेच आहे. गेसेल यांनी पाहिलेली मुले बहुतांशी न्यू हेवन परिसरातील, उत्तर युरोपीय वंशाच्या, मध्यम स्थितीतील गोऱ्या कुटुंबांतली होती. निवड जाणूनबुजून तशी केली होती, कारण सर्वसाधारण मूल म्हणजे काय हे त्यांना स्थिर चौकटीत पाहायचे होते. पण पुस्तक छापून बाहेर गेले आणि न्यू हेवनचे मूल हे जगातल्या प्रत्येक मुलाचे माप ठरले. अमुक आठवड्यात मूल हे करते, हे निरीक्षण होते. ते वाचणाऱ्या आईने त्याचा अर्थ, अमुक आठवड्यात मुलाने हे केलेच पाहिजे, असा लावला. गेसेल यांनी पुस्तकांतून वारंवार बजावले, की ही वये अंदाजाची आहेत आणि प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते. परंतु तक्ता समोर असताना तळटीप कोण वाचतो?

भारताशी गेसेल यांचा एक विलक्षण संबंध आला, आणि तो त्यांच्या कीर्तीला फारसा शोभणारा नाही. बंगालमधील मिदनापूर येथे अनाथाश्रम चालवणारे पाद्री जे. ए. एल. सिंग यांनी १९२० मध्ये लांडग्यांच्या गुहेतून दोन मुली आणल्याचे सांगितले होते. अमला आणि कमला ही त्यांची नावे. अमला वर्षभरातच गेली, कमला १९२९ पर्यंत जगली. सिंग यांची रोजनिशी अमेरिकेत पोहोचली आणि गेसेल यांनी तिच्या आधारे १९४१ मध्ये कमलेवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते स्वतः मिदनापूरला कधी आले नव्हते, कमलेला त्यांनी पाहिले नव्हते. तरीही लांडग्यांच्या कळपातले तिचे दिवस त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्यासारखे रंगवले. या हकिकतीच्या सत्यतेविषयी अनेक अभ्यासकांनी पुढे गंभीर शंका घेतल्या. ज्या माणसाने बाळाची चिमूट कोणत्या आठवड्यात जुळते हे ठरवण्यासाठी चित्रफितीचे तुकडे भिंगाखाली तपासले, त्याने दूरदेशीच्या एका वहीवर इतक्या सहज विश्वास ठेवावा, याचे नवल वाटते. बहुधा मानवी वाढीचे नियम कोणत्याही परिस्थितीत टिकून राहतात, ही आपली श्रद्धा त्यांना त्या वहीत दिसली आणि मग तपासणीची गरज वाटली नाही.

त्याच वर्षी कॅथरिन आमाट्रुडा यांच्यासह त्यांनी विकासाच्या वैद्यकीय निदानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंदूला इजा झालेली, ऐकू न येणारी, वाढ खुंटलेली बालके लवकर ओळखून त्यांना मदत कशी पोहोचवावी, हे डॉक्टरांच्या पिढ्या त्यातून शिकल्या. गेसेल यांच्या कामाचा सर्वांत निर्विवाद लाभ कुणाला झाला असेल, तर तो या मुलांना. त्यांच्या केंद्रात दत्तक द्यावयाच्या बालकांचीही तपासणी होत असे. वैद्यकीय आणि विकासाच्या पाहणीशिवाय घाईने दत्तकविधान उरकू नये, असे त्यांचे मत होते.

फ्रान्सिस इल्ग या डॉक्टर आणि लुइस बेट्स एम्स या मानसशास्त्रज्ञ, या दोन सहकारी महिलांच्या साहाय्याने लिहिलेली त्यांची पालकांसाठीची पुस्तके मात्र सर्वाधिक खपली. शिशू आणि बालक यांवरचे पुस्तक १९४३ मध्ये आले, पाच ते दहा वर्षांच्या मुलांवरचे १९४६ मध्ये. दोन वर्षांचे मूल समजूतदार असते, अडीच वर्षांचे हट्टी होते, तीन वर्षांचे पुन्हा शांत होते, अशी चढउताराची वाट त्यांनी रेखाटली. हट्ट म्हणजे मुलाचा दुष्टपणा नव्हे की आईचे अपयशही नव्हे, ते वाढीचे एक वळण आहे, हे वाचून किती माता निश्चिंत झाल्या असतील! डॉ. स्पॉक यांचे पुस्तक घरोघरी पोहोचण्याआधी अमेरिकन पालकांचा मुख्य सल्लागार गेसेल हेच होते.

१९४८ मध्ये ते येलमधून निवृत्त झाले. त्यानंतर विद्यापीठाने केंद्राची दिशा बदलली. मनोविश्लेषणाचा जमाना आला होता आणि ठोकळे-गोळ्यांची मोजदाद नव्या मंडळींना जुनाट वाटू लागली. १९५० मध्ये इल्ग, एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू हेवनमध्येच गेसेल यांच्या नावाने स्वतंत्र संस्था काढली. गेसेल तेथे मार्गदर्शन करीत राहिले. २९ मे १९६१ रोजी, वयाची एक्क्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास काही दिवस उरले असताना, न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे चार वर्षांनी इल्ग आणि एम्स यांनी शाळेच्या पूर्वतयारीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ठोकळे, आकृत्यांची नक्कल, अर्धवट काढलेल्या माणसाचे चित्र पूर्ण करणे अशा कृतींतून मुलाचे विकासवय ठरवावे आणि त्यानुसार त्याला वर्ग द्यावा, ही त्यातली कल्पना. हेतू मुलाला अकाली ओझ्यापासून वाचवण्याचा होता. पण पुढल्या दोन दशकांत अमेरिकेतील अनेक शाळांनी या कसोटीचा उपयोग मुलांना बालवर्गाबाहेर थांबवण्यासाठी किंवा एकाच वर्गात दोन वर्षे बसवण्यासाठी केला. १९८७ मध्ये सॅम्युएल माइझेल्स या अभ्यासकाने दाखवून दिले, की इतका मोठा निर्णय ज्या कसोटीवर सोपवला जातो, तिची विश्वासार्हता पुरेशी तपासलेलीच नाही. ज्यांच्या घरी पुस्तके, खेळणी आणि वेळ होता, ती मुले एक वर्ष थांबली तरी त्यांचे फारसे बिघडत नसे. ज्यांना शाळेची सर्वांत अधिक गरज होती, तीच मुले दाराबाहेर राहत. मुलाला समजून घेण्यासाठी उघडलेली खिडकी अशा रीतीने फाटक होऊन बसली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आणि ती मोडणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला, त्यामागेही असाच अनुभव आहे.

गेसेल यांची मोजपट्टी मात्र मोडीत निघाली नाही. नॅन्सी बेली आणि इतर संशोधकांनी तिच्यावर नवी मापे उभारली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी बेलींच्या पद्धतीने भारतीय बालकांची पाहणी केली आणि १९७० मध्ये एक ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी आपली प्रमाणके तयार केली. पुढे पुण्याच्या मुलांवर ती पुन्हा तपासली गेली आणि १९९७ मध्ये सुधारित झाली. हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ कृती त्यात आहेत. न्यू हेवनच्या घुमटात सुरू झालेली ती पाहणी अशा रीतीने बडोद्याच्या आणि पुण्याच्या बाळांपर्यंत आली. आता तक्त्यातली वये त्यांची स्वतःची होती.